कै. डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर

परकी भाषा शिकून मुलाने पुढे काय करावयाचे, असा प्रश्न पालक वारंवार विचारतात, व तो वावगाही नाही. जर्मन भाषेपुरते त्याचे उत्तर डॉ. सुकथनकर यांच्या चरित्रात सापडते.

त्यांचा जन्म ४ मे १८८७ रोजी झाला. केंब्रिज येथे त्यांनी गणिताचा अभ्यास केला. पुढे मनाचा ओढा संस्कृताकडे वळल्यामुळे ते बर्लिन विद्यापीठात प्राध्यापक ल्यूडर्स यांचे शिष्य झाले. संस्कृत शिकण्यास हिंदी तरुणाने जर्मनीस जावे, हे चमत्कारिक वाटेल. परंतु बोटलिंक व रोट या पंडितांचा सात खंडांचा संस्कृत कोश जर्मन भाषेतच होता. आणि अनेक पोथ्या ताडून ग्रंथाचा जुना पाठ कसा ठरवावा, ही विद्या तेथे कसोशीने शिकवीत असत. सुकथनकरांनी शाकटायनाच्या व्याकरणावर जर्मन भाषेत प्रबंध लिहून डॉक्टर ही पदवी संपादन केली. स्वदेशी परतल्यावर काही वर्षे ते पुराणवस्तुसंशोधन खात्यात होते.

इकडे आपल्याच भागात एक मोठा संकल्प झाला होता. औंध संस्थानचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी महाभारताच्या संशोधित आवृत्तीसाठी १९१८ साली एक लक्ष रुपयांचे साह्य देऊ केले. (औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, त्या संस्थानातील आटपाडी व कुंडल ही गावे सांगली जिल्ह्यात मोडतात.) पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली कार्यास आरंभ झाला, आणि १९२५ साली सुकथनकर त्याचे प्रमुख संपादक झाले.

काम अत्यंत चिकाटीचे होते. काश्मीरची शारदा, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मलयाळम अशा नाना लिप्यांतील पोथ्या जमवून त्यांतील प्रत्येक श्लोक अक्षरशः ताडून पाहावयाचा. एकट्या आदिपर्वासाठी सुमारे साठ पोथ्यांचा उपयोग करण्यात आला. व्यासांनी सांगावे व गणेशाने लिहून घ्यावे, ही कथा आपणां सर्वांस प्रिय आहे. परंतु जुन्या व विश्वसनीय पोथ्यांचा तिला आधार मिळेना. लोकांस रुचेल की नाही याचा विचार न करता सुकथनकरांनी ती मूळ पाठातून काढून परिशिष्टात ठेवली. आवडते ते व पुराव्याने ठरते ते, यांतील भेद त्यांनी कधी पुसू दिला नाही.

आदिपर्व १९३३ साली व आरण्यकपर्व १९४२ साली पूर्ण झाले. पुढे लवकरच, २१ जानेवारी १९४३ रोजी, त्यांचे देहावसान झाले. मागे राहिलेल्या पंडितांनी ते कार्य १९६६ साली सिद्धीस नेले.

विद्यार्थ्यांनो, सुकथनकरांस नुसती जर्मन भाषा येत असती, तर हे कार्य त्यांच्या हातून झाले नसते. नुसते संस्कृत येत असते, तरीही ते कठीणच होते. परकी भाषा अवश्य शिकावी. मात्र तिच्या जोडीस शास्त्र, गणित, वैद्यक अथवा इतिहास असा एखादा विषय मनापासून आपलासा करावा. त्या जोडीनेच उपजीविका साधते, आणि देशाच्या ज्ञानातही भर पडते.