रुडॉल्फ डिझेल : इंजिनाला नाव देणारा अभियंता

रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये एका जर्मन कुटुंबात झाला. १८७० च्या युद्धामुळे कुटुंबाला पॅरिस सोडावे लागले. म्युनिकमध्ये शिकताना, वाफेच्या इंजिनात बहुतांश उष्णता वाया जाते, ही बाब त्यांच्या मनात घर करून राहिली.

दाबलेली हवा तापते आणि तीत सोडलेले इंधन ठिणगीविना पेटते, या तत्त्वावरील त्यांचे इंजिन १८९७ मध्ये ऑग्सबुर्ग येथे यशस्वी झाले. त्याची कार्यक्षमता सुमारे २६ टक्के होती. मात्र इंधन फवारण्यासाठी लागणाऱ्या अवजड कॉम्प्रेसरमुळे ते वाहनांत बसवणे कठीण होते. कर्जबाजारी झालेले डिझेल २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री इंग्लंडला जाणाऱ्या जहाजावरून बेपत्ता झाले. पुढे त्यांचा मृतदेह समुद्रात आढळला.

१९२७ मध्ये बॉश कंपनीने यांत्रिक इंधनपंपाचे उत्पादन सुरू केले आणि वाहनांचा मार्ग मोकळा झाला. या पंपात इंधनाचे प्रमाण दातेरी दांडा व गव्हर्नर ठरवत. १९९७ मध्ये मोटारगाड्यांत आलेल्या कॉमन रेल पद्धतीत ते काम संवेदकांच्या माहितीवरून संगणक करू लागला. इंधन मोजण्याची रीत बदलली. ज्वलनाचे तत्त्व मात्र डिझेल यांचेच राहिले.