शांता आपटे

मुलामुलींनो, परभणीच्या उरुसाला तुम्ही गेला असाल. तिथे खेळ करणाऱ्या स्त्रियाही तुम्ही पाहिल्या असतील. खेळ संपला की आपण टाळ्या वाजवतो आणि घरी जातो. त्यांना त्या मेहनतीचे किती पैसे मिळतात, हे आपण कधी विचारतो का? हा प्रश्न एका अभिनेत्रीने फार पूर्वी विचारला. तिचे नाव शांता आपटे.

शांताबाईंचा जन्म १९१६ साली दुधनी या गावी झाला. हे गाव आज सोलापूर जिल्ह्यात आहे. त्या लहानपणीच गाणे शिकल्या. त्या काळी स्त्रियांनी सिनेमात काम करणे कमीपणाचे समजत. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटात राणीचे काम पुरुषाने केले होते. पुढे स्त्रिया पडद्यावर आल्या. पण लोक त्यांचे काम आवडीने पाहत आणि त्यांनाच नावे ठेवत.

शांताबाई पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीत काम करू लागल्या. १९३७ साली त्यांचा ‘कुंकू’ हा चित्रपट आला. हिंदीत त्याचे नाव ‘दुनिया न माने’ होते. एका तरुण मुलीचे लग्न म्हाताऱ्या वकिलाशी लावून दिले जाते. ती मुलगी हा अन्याय मान्य करत नाही, अशी ती कथा आहे. ही भूमिका देशभर गाजली.

पडद्यावरचा हा बाणा शांताबाईंनी जीवनातही दाखवला. १९३९ साली पगारावरून त्यांचा कंपनीशी वाद झाला. त्या रडत घरी बसल्या नाहीत. त्या स्टुडिओच्या दारात उपोषणाला बसल्या. एवढी प्रसिद्ध नटी दारात उपाशी बसलेली पाहून सर्वांना नवल वाटले.

१९४० साली त्यांनी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहिले. सिनेमातील झगमगाटामागे किती थकवा आणि शोषण असते, हे त्यांनी त्यात सांगितले. पुढे त्यांनी लाहोरच्या ‘जमीनदार’ या चित्रपटात आणि एका तमिळ चित्रपटातही काम केले. १९६४ साली त्यांचे निधन झाले.

‘मेहनत’ आणि ‘हक्क’ हे शब्द तुमच्या उर्दूत आहेत, तसेच मराठीतही आहेत. पुढच्या उरुसात टाळ्या वाजवताना हे दोन्ही शब्द आठवा.

स्वाध्याय

१. शांताबाई उपोषणाला का बसल्या?
२. कलावंत स्त्रियांना लोक नावे का ठेवत असतील? तुमचे मत लिहा.