पतंग सगळ्यांना आठवतो, पण बेंजामिन फ्रँकलिनची खरी कमाई जमिनीत गाडलेली सळई होती

अकोल्याजवळच्या गायगाव डेपोतून भरून निघालेला टँकर अमरावती रोडवरच्या एखाद्या पंपावर येऊन उभा राहतो. पेट्रोल खाली करण्याआधी पंपावरचा माणूस एका तारेचा चिमटा आणून टँकरच्या लोखंडाला लावतो. तारेचं दुसरं टोक अर्थिंगच्या खड्ड्यात गेलेलं असतं. तार लागल्याशिवाय पाइप जोडायचा नाही, असा नियम आहे.

कारण साधं आहे. पाइपातून वाहताना पेट्रोल घासलं जातं आणि त्यातून स्थिर वीज तयार होते. थंडीत स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, तीच ही वीज. स्वेटरमध्ये ती गंमत असते. पेट्रोलच्या वाफेत तेवढीच ठिणगी पंप पेटवायला पुरते. त्यात वऱ्हाडातला मे महिना, पारा ४५ च्या पुढे आणि हवा कोरडी ठाक. अशा हवेत ही वीज जास्त साठून राहते.

साठलेल्या विजेला गुपचूप जमिनीत उतरायची वाट करून द्या, ही गोष्ट जगाच्या गळी उतरवणारा माणूस म्हणजे बेंजामिन फ्रँकलिन. १०० डॉलरच्या नोटेवर ज्याचा फोटो आहे, तोच.

फ्रँकलिनचा जन्म १७ जानेवारी १७०६ चा, बोस्टनचा. वडील चरबीच्या मेणबत्त्या आणि साबण बनवायचे. घरात १७ पोरं, त्यातला हा १५ वा. दहाव्या वर्षी शाळा सुटली. बाराव्या वर्षी थोरल्या भावाच्या छापखान्यात कामाला लागला. भावाशी पटेना म्हणून १७२३ मध्ये पळून फिलाडेल्फियाला गेला. तिथे स्वतःचा छापखाना काढला, वर्तमानपत्र चालवलं, पंचांगासारखं एक वार्षिक काढलं आणि ते तुफान खपलं.

या काळातल्या एका गोष्टीकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. त्याला आगीची धास्ती होती. तेव्हाच्या शहरात लाकडाची घरं दाटीवाटीने उभी असायची, एक पेटलं की ओळच्या ओळ जायची. १७३६ मध्ये त्याने शेजाऱ्यापाजाऱ्यांना गोळा करून आग विझवणारी मंडळी उभी केली. सभासदाने कातड्याच्या बादल्या तयार ठेवायच्या आणि हाक आली की धावायचं. १७५२ मध्ये आगीचा विमा देणारी संस्था काढण्यातही तो पुढे होता. विजेच्या नादाला लागलेला हा माणूस आधी आगीशी भांडत होता, हे लक्षात घेतलं की पुढचं नीट कळतं.

वयाच्या चाळिशीत विजेचे खेळ त्याच्या हाती लागले. लंडनहून पीटर कॉलिन्सन या मित्राने काचेची नळी पाठवली. ती घासली की वीज तयार व्हायची. १७४८ मध्ये, ४२ व्या वर्षी, त्याने छापखान्याचं काम भागीदारावर सोपवलं आणि पूर्ण वेळ यातच घातला. विजेला धन आणि ऋण म्हणायची पद्धत त्याचीच. डिसेंबर १७५० मध्ये वीज साठवलेल्या दोन बरण्यांचा झटका देऊन तो टर्की मारायला निघाला आणि झटका स्वतःलाच बसला. हात आणि मान दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बधिर होती.

याच प्रयोगांत त्याला दिसलं की टोकदार सुई जवळ नेली, तर साठलेली वीज ठिणगी न उडवता निघून जाते. ढगातली वीज आणि बरणीतली वीज एकच असेल, तर घरावर टोकदार सळई लावून तिला खाली उतरवता येईल, असं त्याने लिहून लंडनला पाठवलं. १० मे १७५२ ला फ्रान्समधल्या मार्ली गावात दालिबार याने मांडलेला हा प्रयोग यशस्वी झाला. पतंगाचा किस्सा त्यानंतरच्या जूनमधला मानला जातो. चित्रात सोबत लहान पोरगं दाखवतात. प्रत्यक्षात मुलगा विल्यम तेव्हा विशीतला गडी होता. पतंगावर वीज कोसळलीही नव्हती. कोसळली असती तर पुढची गोष्ट सांगायला फ्रँकलिन उरला नसता.

पण पतंगापेक्षा महत्त्वाची गोष्ट त्याच्या १७५३ च्या वार्षिकात छापून आली. घर विजेपासून कसं वाचवायचं, याची ती कृती होती. लोखंडी सळई घ्या, वरचं टोक घराच्या सगळ्यात उंच भागाच्या सहा-आठ फूट वर काढा आणि खालचं टोक तीन-चार फूट ओलसर जमिनीत गाडा. यातला ओलसर हा शब्द सगळ्यात मोलाचा.

तो विसरला की काय होतं, ते त्याच वर्षी रशियात दिसलं. ऑगस्ट १७५३ मध्ये सेंट पीटर्सबर्गला गेओर्ग रिखमान हा शास्त्रज्ञ वादळात वीज मोजायला बसला. छतावरची सळई त्याने खोलीतल्या उपकरणाला जोडली होती, जमिनीला नाही. विजेला पुढे जायला वाटच नव्हती. ती त्याच्या कपाळातून गेली आणि तो जागीच ठार झाला.

वऱ्हाडात हा ओलसर शब्द आणखी अवघड होतो. आपली काळी कापसाची जमीन पावसाळ्यात चिखल असते, तेव्हा अर्थिंग झकास. उन्हाळ्यात तीच जमीन आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात, माती गाडलेल्या पट्टीला सोडते आणि वीज अडते. म्हणून खड्ड्यात मीठ आणि कोळसा भरतात, वर पाणी ओततात. आपल्याकडच्या पेट्रोलियम नियमांत टाकीला दोन वेगवेगळ्या जागी अर्थिंग हवं, रोध ७ ओहमपेक्षा जास्त नको आणि तो दरवर्षी मोजायचा, असं आहे. पंपाच्या साठवणुकीचा परवाना देणाऱ्या विस्फोटक खात्याचं मुख्य कार्यालयही आपल्या नागपूरलाच आहे. फवारणीच्या पंपासाठी पेट्रोल नेताना लोखंडी कॅन गाडीवरून उतरवून जमिनीवर ठेवायला सांगतात, तेही यासाठीच. प्लास्टिकच्या कॅनला हे अर्थिंग मिळत नाही. पंपावरच्या मशीनला आणि दिव्यांना लागणारं विजेच्या लाइनचं अर्थिंग मात्र नंतरचं, फ्रँकलिनच्या काळात तारेतून येणारी लाइट कुठे होती!

फ्रँकलिनने सळईचं पेटंट घेतलं नाही. विरोध मात्र भरपूर झाला. देवाच्या कोपाला अडवणारे तुम्ही कोण, असं लोक विचारायचे. १७५५ मध्ये बोस्टनला भूकंप झाला, तेव्हा एका धर्मगुरूने सळयांमधून जमिनीत उतरलेल्या विजेवर ठपका ठेवला. त्याची बायको डेबोरा वेगळ्याच कारणाने वैतागली. घरातल्या तारेत त्याने मध्ये फट ठेवून घंट्या बसवल्या होत्या, ढग आले की त्या आपोआप वाजायच्या. नवरा लंडनला आणि घरात रात्री घंट्या, विचार करा!

लोकांचं मत फिरवलं ते दारूगोळ्याने. १७६९ मध्ये इटलीतल्या ब्रेशा शहरात बंदुकीची दारू साठवलेल्या बुरुजावर वीज पडली, शहराचा मोठा भाग उडाला, शेकडो माणसं मेली. घाबरलेल्या इंग्रज सरकारने पर्फ्लीटच्या दारू कोठारासाठी १७७२ मध्ये समिती नेमली, त्यात फ्रँकलिनही होता. स्फोटक माल साठवायचा तर आधी जमिनीशी जोडणी, हा विचार तिथे सरकारी पातळीवर मान्य झाला. टोकदार सळया लागल्या. १७७७ मध्ये तिथल्या कचेरीवर वीज पडली, थोड्या विटा निघाल्या, दारू सुरक्षित राहिली.

तोवर फ्रँकलिन इंग्लंडचा शत्रू झाला होता. १७७६ च्या अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्याची सही होती. राजा तिसऱ्या जॉर्जने टोकदार सळया काढून बोथट लावायला लावल्या. विज्ञानात राजकारण घुसल्याचं इतकं विनोदी उदाहरण क्वचित सापडेल.

पुढे फ्रान्सची मदत त्याने मिळवली, १७८३ च्या तहावर सही केली, १७८७ च्या राज्यघटनेतही तो होता. मुलगा विल्यम राजाच्या बाजूने राहिला. बापलेकाचं तुटलं, ते नीट जुळलंच नाही. डेबोरा १७७४ मध्ये गेली तेव्हा तो दहा वर्षं घरी आलेला नव्हता. त्याने गुलाम पाळले, त्यांच्या विक्रीच्या जाहिराती छापून पैसेही कमावले. म्हातारपणी मत बदललं. मरणाच्या दोनेक महिने आधी गुलामगिरी बंद करा, असा अर्ज त्याने संसदेकडे पाठवला, पण त्यावर काही झालं नाही.

१७ एप्रिल १७९० ला तो वारला. वय ८४. अंत्ययात्रेला सुमारे २०,००० लोक आले होते. मृत्युपत्रात त्याने स्वतःची ओळख आधी छापखानेवाला अशी लिहिली होती, राजदूत त्यानंतर.