थेऊरचे श्रीमंत – थोरले माधवराव पेशवे

शके १६८२ च्या पौषात, म्हणजे १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपतावर मराठ्यांची एक पिढी कापली गेली. विश्वासराव गेले, सदाशिवरावभाऊ गेले. तो घाव उरी घेऊन नानासाहेब पेशव्यांनी त्याच वर्षी २३ जूनला पुण्यात पर्वतीवर देह ठेवला. तिजोरीत पैसा नाही, डोक्यावर कर्जाचा डोंगर, निजाम आणि हैदर टपून बसलेले, अशा वेळी साताऱ्यास छत्रपती रामराजांकडून पेशवाईची वस्त्रे ज्याने स्वीकारली, तो नानासाहेबांचा दुसरा पुत्र माधवराव अवघा सोळा वर्षांचा होता.

मुलगा लहान म्हणून कारभार चुलत्याने, रघुनाथरावदादांनी पाहावा, अशी योजना झाली. दादासाहेब शूर खरे. अटकेपर्यंत मराठी घोडी नेणारे ते. पण हलक्या कानाचे. पुतण्या कळसूत्री बाहुली होऊन राहात नाही असे दिसताच १७६२ साली ते पुण्यातून निघून गेले व निजामाच्या कुमकेने पुतण्यावर चालून आले. घोडनदी व आळेगाव येथे चकमकी झाल्या. मराठ्यांनीच मराठ्यांना मारावे आणि निजामाने गंमत पाहावी, हे तरुण पेशव्यास साहवेना. तो आपण होऊन चुलत्याच्या गोटात गेला आणि स्वाधीन झाला. सोळा-सतरा वर्षांच्या पोराने मानापमान गिळून राज्य वाचविले, ही गोष्ट त्याच्या पुढच्या साऱ्या विजयांहून लहान नाही.

दादांनी मात्र जुने हिशेब चुकते करण्यास आरंभ केला. मिरजेचे गोपाळराव पटवर्धन दुखावून निजामाकडे गेले. नागपूरकर जानोजी भोसलेही तिकडे वळले. १७६३ मध्ये निजामाच्या फौजांनी पुणे लुटले, जाळले. तेव्हा चुलते-पुतणे एक झाले. १० ऑगस्ट १७६३ रोजी गोदावरीकाठी राक्षसभुवन येथे, नदीला पूर असताना, निजाम पलीकडे उतरला होता आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर अलीकडे अडकला होता. लढाईच्या भरात दादासाहेब शत्रूच्या गराड्यात सापडले. त्यांना सोडविण्यास धावून गेले ते माधवरावच! विठ्ठल सुंदर पडला, निजाम तहास आला. अठरा वर्षांच्या पेशव्यास त्या दिवसापासून कोणी पोर म्हटले नाही.

पुढे कर्नाटकात हैदर अलीवर स्वाऱ्यांमागून स्वाऱ्या झाल्या. १७६८ च्या जूनमध्ये दादांनी पुन्हा उचल खाल्ली, तेव्हा धोडप किल्ल्यापाशी त्यांचा मोड करून माधवरावांनी त्यांना पुण्यास आणले आणि शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले. दुसऱ्याच वर्षी जानोजी भोसल्यांशी कनकापूरचा तह झाला. मग उत्तरेस रामचंद्र गणेश व विसाजी कृष्ण यांना रवाना केले. महादजी शिंदे आणि तुकोजी होळकर त्यांना मिळाले. १७७१ मध्ये मराठ्यांनी दिल्ली घेतली आणि बादशहा शहाआलम त्यांच्याच आश्रयाने आपल्या तख्तावर परतला. पानिपतास अवघी दहा वर्षे लोटली होती.

पण गावोगावच्या रयतेने त्यांची आठवण ठेवली ती केवळ तलवारीसाठी नव्हे. वेठबिगार बंद करण्याविषयी त्यांच्या सक्त ताकिदी असत. लाच खाणाऱ्या कारकुनास थरकाप सुटे. न्यायासनावर रामशास्त्री प्रभुणे होते. या दोघांची एक आख्यायिका सर्वतोमुखी आहे. श्रीमंतांचा जपजाप्य व अनुष्ठानाकडे ओढा फार. एकदा शास्त्रीबुवा कामासाठी वाड्यावर आले असता श्रीमंत ध्यानास बसलेले. भेट झाली नाही. शास्त्रीबुवांनी काशीस जाण्याची परवानगी मागितली. स्नानसंध्येतच आयुष्य घालवायचे तर दोघेही गंगाकाठी जाऊन राहू. राज्य पत्करले असेल तर रयतेचे गाऱ्हाणे ऐकणे हेच अनुष्ठान, असा त्यांच्या बोलण्याचा मतलब होता. माधवरावांनी ते मुकाट्याने मानले व कारभाराच्या वेळी जप ठेवला नाही. ऐकविणारा मोठा की ऐकणारा, हे वाचकांनीच ठरवावे.

स्वभाव तापट होता. राग आवरत नसे. पण न्यायाच्या कामी घरचा-परका पाहिला नाही, आईच्या माहेरच्यांचाही मुलाहिजा ठेवला नाही. मातोश्री गोपिकाबाई रुसून नाशिकजवळ गंगापुरास जाऊन राहिल्या. हे दुःख त्यांना अखेरपर्यंत सलत राहिले.

त्यातच राजयक्ष्म्याने शरीर पोखरले. १७७० मध्ये हैदरावरची स्वारी अर्ध्यावर टाकून त्यांना मागे फिरावे लागले. ती मोहीम त्र्यंबकराव पेठ्यांनी पुढे चालविली आणि १७७१ मध्ये मोती तलावावर हैदराचा पराभव केला. विजयाची वार्ता आली तेव्हा पेशवा अंथरुणास खिळण्याच्या वाटेवर होता.

अखेरचे दिवस त्यांनी थेऊरास श्रीचिंतामणीपाशी काढले. चिंचवडच्या देव घराण्याने बांधलेल्या त्या देवळास लाकडी सभामंडप जोडण्याचे काम माधवरावांचेच. मृत्यू समोर दिसत असता त्यांनी नऊ कलमांची याद लिहवून घेतली. तीत पहिली काळजी कर्ज फेडण्याची होती. काशी-प्रयाग ही क्षेत्रे राज्यात यावीत ही वाडवडिलांची इच्छाही होती. धाकट्या नारायणरावाचा हात दादांच्या हाती दिला. तो हात कसा राखला गेला, हे ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्याने पाहिले.

कार्तिक वद्य अष्टमी, शके १६९४, म्हणजे १८ नोव्हेंबर १७७२. त्या दिवशी वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी श्रीमंतांनी चिंतामणीच्या सन्निध प्राण सोडला. पत्नी रमाबाई मुळा-मुठेच्या काठी सती गेल्या. त्या काळची ती रूढी; आज ती आठवण मनास चटका लावते. या अकाली मृत्यूने मराठी राज्याची झालेली हानी पानिपताहून कमी नव्हती, असे इंग्रज इतिहासकार ग्रँट डफ यानेही लिहून ठेवले आहे.

थेऊरास कार्तिक वद्य अष्टमीला रमा-माधवांचा पुण्योत्सव होतो.