मलिक अंबर : जमीन, पाणी आणि राज्यकारभार

शाश्वत विकास ही संज्ञा अलीकडची आहे. परंतु जमीन व पाणी यांची क्षमता ओळखून कारभार बेतण्याचा प्रयत्न दख्खनमध्ये चारशे वर्षांपूर्वी झाला होता. त्या दृष्टीने मलिक अंबरचे चरित्र अभ्यासण्याजोगे आहे.

अंबरचा जन्म सुमारे १५४८ मध्ये इथिओपियात झाला. लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेलेला हा मुलगा बगदादमार्गे दख्खनमध्ये पोहोचला. निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याने त्याला विकत घेतले. धन्याच्या मृत्यूनंतर तो मुक्त झाला आणि शिपाईगिरी करीत सरदारपदास चढला. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला, तेव्हा दुसऱ्या मुर्तझाला गादीवर बसवून त्याने राज्य सावरले.

मोगलांशी दीर्घकाळ लढण्यासाठी लागणारा पैसा बेभरवशाच्या पावसावरील शेतीतूनच उभा राहणार होता. म्हणून अंबरने महसुलाची इजारापद्धत बंद केली, जमिनीची प्रतवारी केली आणि प्रत्यक्ष लागवडीच्या प्रमाणात सारा ठरवला. रयत खचली तर खजिनाही आटतो, हे त्याने जाणले होते.

१६१० मध्ये त्याने खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवले. १६१६ मध्ये रोषणगावच्या लढाईत त्याचा पराभव झाला आणि मोगलांनी खडकी जाळली. त्याने शहर पुन्हा उभारले व १६१७ च्या सुमारास प्रसिद्ध नहर बांधली. डोंगरपायथ्याचे भूजल भूमिगत नळांतून केवळ उताराच्या बळावर शहरातील हौदांत येई. त्याच्याच काळात जमशेदखानाने जालन्यात मोती तलाव बांधला व जमिनीखालून नळ टाकून ते पाणी गावातील हौदांत नेले. ‘नहर’ आणि ‘हौद’ हे मूळचे अरबी शब्द अशा व्यवस्थांतून लोकव्यवहारात रुळले.

पाणी राखणाऱ्या याच अंबरने १६२४ मध्ये भातवडीचा तलाव फोडून शत्रूची वाट चिखलात अडवली. युद्धापुढे संवर्धन टिकत नाही, हेही या चरित्रातून दिसते.

१६२६ मध्ये अंबर मरण पावला. त्याची कबर खुलताबादेत आहे. दहा वर्षांत निजामशाही संपली, पण नहर पुढे कित्येक पिढ्या वाहत राहिली. आज जालना शहराला जायकवाडीचे पाणी आणावे लागते. व्यवस्था उभारण्याइतकेच तिची निगा राखणे महत्त्वाचे असते, हा या अभ्यासाचा निष्कर्ष होय.

स्वयंअध्ययन प्रश्न : अंबरची साराव्यवस्था आणि जलव्यवस्था यांतील समान तत्त्व स्पष्ट करा.