मनूची गोष्ट : लक्ष्मीबाई टिळक



आज लक्ष्मीबाई टिळकांची ओळख करून घेऊ या. पण आधी माझी एक चूक सांगते.

चौथीच्या वर्गाला मी निबंध दिला होता, 'माझे बाबा'. आमच्या पालीच्या आसपासच्या वाड्यांतली मुलं वर्गात असतात. बहुतेकांनी पाच-सहा ओळी लिहिल्या. एका मुलीची वही मात्र कोरी. मी लाल पेनाने 'अपूर्ण' असा शेरा मारून मोकळी झाले. नंतर कळलं, घरी रोज संध्याकाळी काय चालतं ते. पोरीने बिचारीने काय लिहावं? त्याच सुट्टीत मी 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचायला घेतलं, आणि या वेळी ते पुस्तक मला वेगळंच दिसलं.

भीतीचं घर

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचं नाव मनकर्णिका गोखले, घरात सगळे मनू म्हणत. त्यांच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या बंडात सामील असल्याच्या आरोपावरून फाशी झाली होती. या घटनेचा मनूच्या वडिलांनी असा धसका घेतला की त्यांना सोवळ्याचं वेडच लागलं. बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू त्यांना विटाळलेली वाटे. धान्य तर सोडाच, मीठसुद्धा धुतलं जाई! याला हात लावायचा नाही, तिकडे जायचं नाही. चुकलं की शिक्षा. आई आणि मुलं कायम धाकात.

पण वडील घराबाहेर गेले की तेच घर मोकळं होई. आई हसे, बोले, मुलांना जवळ घेई. पुढे आत्याच्या घरीही मनूला माया मिळाली. हा मुद्दा आपण शिक्षकांनी नीट लक्षात ठेवायला हवा. घरात कितीही धाक असला तरी मायेचं एक माणूस मिळालं, तर मूल तग धरतं.

सासर आणि दुःखाची रांग

वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी मनूचं लग्न झालं आणि ती लक्ष्मी झाली. आजच्या हिशोबाने पाचवी-सहावीतली मुलगी! नवरा नारायण वामन टिळक, पुढे रेव्हरंड टिळक म्हणून प्रसिद्ध झालेले कवी. सासरे मुरबाडला असत, म्हणजे आपल्या कर्जतच्या पलीकडेच. स्वभावाने अतिशय कडक. माहेरचा धाक संपला आणि सासरचा सुरू झाला. टिळक स्वतः मनाने उदार, पण तापट आणि एका जागी न टिकणारे. त्यांनाही आईचं सुख फार दिवस मिळालं नव्हतं, लहान वयातच त्यांची आई गेली होती.

लक्ष्मीबाईंना लग्नाच्या वेळी लिहिता-वाचता येत नव्हतं. टिळकांनी शिकवायला घेतलं, पण शिकवणी कधी सलग चालली नाही. आज आहे, उद्या नाही, असा प्रकार. शाळेचं तोंड न पाहिलेली ही बाई पुढे मराठीतलं एक उत्तम आत्मचरित्र लिहिते, हे आपल्या मुलांना आवर्जून सांगा.

मधल्या काळात दुःखांनी पाठ सोडली नाही. दत्तूच्या, म्हणजे देवदत्तच्या आधीची त्यांची मुलं लहानपणीच गेली. १८९५ साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्या काळी ही केवढी मोठी गोष्ट! लहानग्या दत्तूला घेऊन लक्ष्मीबाई काही वर्षं नवऱ्यापासून दूर, नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या. पंढरपूरलाही होत्या. लोकांची बोलणी, मनाची ओढाताण, सगळं सोसलं. याच एकटेपणात त्या कविता करू लागल्या. पुढे त्या नगरला टिळकांकडे परतल्या आणि स्वतः विचार करून १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

१९१९ साली टिळक गेले. त्यांचं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अर्धवट राहिलं होतं, ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं.

साठीनंतरची पाटी

मुलाला वडिलांचं चरित्र लिहायचं होतं, म्हणून लक्ष्मीबाई आठवणी लिहू लागल्या. लिहिता लिहिता त्यांचं स्वतःचंच आयुष्य कागदावर उतरलं. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली निघाला, तेव्हा त्या साठी ओलांडून बऱ्याच पुढे गेल्या होत्या. १९३६ साली त्यांचं निधन झालं.

या पुस्तकात वडिलांचा छळ लपवलेला नाही. पण त्यांना राक्षसही केलेलं नाही. हा माणूस असा का झाला, हे त्या आधी सांगतात, आणि मग त्याच्या विचित्रपणावर चक्क हसवतात. कारण सांगणं म्हणजे माफ करणं नव्हे. आईने काय सोसलं, मुलांनी काय सोसलं, तेही तिथे जसंच्या तसं आहे. ज्या घरात लहानपणी मोठ्याने हसायची सोय नव्हती, त्या घराकडे म्हातारपणी वळून हसायचं, याला केवढं बळ लागत असेल!

मात्र एक गोष्ट मला टोचते. मनूला हे सांगायला सुमारे साठ वर्षं लागली. आपल्या वर्गातल्या मनूने इतकं थांबावं का? सगळ्याच जणी काही लक्ष्मीबाई होत नाहीत. पुष्कळशा वह्या कोऱ्याच राहतात.

वर्गात काय करता येईल?

मी आता 'माझे बाबा', 'माझी आई' असे विषय सक्तीने देत नाही. 'मला आवडणारं माणूस' असा विषय देते. त्या मुलीने शेजारच्या आजीवर दीड पान लिहिलं. शुद्धलेखनाच्या चुका भरपूर होत्या. मी एकही लाल खूण केली नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती आपणहून माझ्याजवळ येऊन बसली. त्या दिवशी काही बोलली नाही. चार दिवसांनी बोलली.

मूल बोललं तर मध्ये तोंड घालू नका, 'खरं सांगतेस ना?' असं विचारू नका. सगळ्या वर्गासमोर तर मुळीच काढू नका. मुलाला धोका आहे असं वाटलं तर मुख्याध्यापकांना सांगा. १०९८ हा मुलांच्या मदतीचा फुकट नंबर आहे, तो वर्गाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

आणि पालकहो, आपल्या मनातली भीती, आपला राग मुलांच्या अंगावर निघतोय का, एवढं रात्री झोपताना एकदा स्वतःला विचारा. मनूचे वडीलही आधी घाबरलेलेच होते. पण ती भीती भोगली मनूने.

कोरी वही दिसली की शेरा मारण्याआधी त्या मुलाजवळ जाऊन बसा. मी ते उशिरा शिकले.