बुरशीला कामाला लावणारा माणूस

कणसात दाणा भरलेला असताना पावसाने मुक्काम ठोकला की वऱ्हाडातली ज्वारी काळी पडते. अकोल्याच्या बाजारात मग तिला भाव कुठला? बुरशी म्हणजे नासाडी, हे आपल्या मनात पक्के बसले आहे. पण घरात अपचनावरची गोळी असेल, तर तिच्या वेष्टनावरची बारीक अक्षरे वाचून पाहा. ‘फंगल डायस्टेज’ हे शब्द पुष्कळदा सापडतील. धान्यातल्या पिठूळ भागाची साखर करणारे हे विकर बुरशीकडून करवून घेतलेले असते. हा उद्योग ज्यांनी उभा केला, ते जोकिची ताकामिने.

जन्म १८५४ सालचा, जपानमधल्या ताकाओका गावचा. वडील वैद्य, तर आजोळी साके या तांदळाच्या दारूचा धंदा. वाफवलेल्या भातावर कोजी नावाची बुरशी वाढवायची, तिने पिठाची साखर केली की पुढे दारू. ही घरगुती विद्या मुलाने लहानपणीच पाहिली. पुढे तो इंग्रजी शिकला, रसायनशास्त्राचा पदवीधर झाला आणि सरकारने त्याला ग्लासगोला धाडले.

१८८४ साली अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला कापसाचे जागतिक प्रदर्शन भरले. (अमेरिकेतल्या यादवीमुळे आपल्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्याला तेव्हा जेमतेम वीस वर्षे झाली होती.) ताकामिने तिथे जपानचे प्रतिनिधी म्हणून गेले. परतले ते दोन गोष्टी ठरवून : जपानात सुपरफॉस्फेट खताचा कारखाना काढायचा, आणि कॅरोलिन हिच या अमेरिकन मुलीशी लग्न करायचे. १८८७ साली दोन्ही झाले.

खताचा चालता कारखाना सोडून १८९० मध्ये हे कुटुंब अमेरिकेत आले. व्हिस्कीसाठी तिकडे जवाला मोड आणून माल्ट करीत, त्यात बरेच दिवस जात. कोजीचे काम दोनएक दिवसांत होई. ताकामिने यांची खरी करामत पुढेच आहे. त्यांनी महागडा तांदूळ सोडला आणि गिरणीतून निघणाऱ्या गव्हाच्या कोंड्यावर बुरशी वाढवली. इलिनॉयमधल्या पिओरिया गावी, दारू गाळणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या आश्रयाने प्रयोग सुरू झाले. माल्टवाल्यांच्या पोटावर पाय येणार होता. त्यांचा विरोध पेटला आणि १८९१ साली कारखाना आगीत भस्मसात झाला. त्यातच ताकामिने यांना यकृताच्या दुखण्याने गाठले. परक्या मुलुखात, दोन लहान मुले पदरी असताना, कॅरोलिनने संसार कसा रेटला असेल?

व्हिस्कीचे स्वप्न काही पुरे झाले नाही. मात्र बुरशी चढलेला कोंडा पाण्यात भिजवून, त्या पाण्यात अल्कोहोल घातले की विकर खाली बसते. ही रीत हाती होती. १८९४ साली तिचे पेटंट मिळाले. सूक्ष्मजीवांपासून केलेल्या विकराचे अमेरिकेतले ते पहिलेच पेटंट मानतात. पार्क-डेव्हिस कंपनीने ‘टाका-डायस्टेज’ या नावाने ते पचनाचे औषध बाजारात आणले आणि घरात लक्ष्मी आली. १९०० साली केइझो उएनाका या तरुण सहकाऱ्याच्या हातून अ‍ॅड्रिनलिन शुद्ध स्वरूपात निघाले. श्रेय मात्र बहुतेक थोरल्यांच्याच पदरात पडले, हे नोंदवलेच पाहिजे.

कोजीच्या गोत्यातल्या बुरशा याहूनही बरेच काही करतात. हिरड्यातल्या टॅनिनपासून त्या गॅलिक आम्ल सुटे करतात. फ्रान्सच्या व्हॅन टीगेम यांनी १८६७ सालीच बुरशीचे हे काम ओळखले होते. शाई आणि औषधे यांसाठी ते आम्ल लागते. गव्हाच्या कोंड्यात अडकलेले फेरुलिक आम्लही बुरशीचीच विकरे मोकळे करतात, आणि त्यापासून व्हॅनिलाचा सुगंध तयार करता येतो. आमच्या मेळघाटात हिरडा आहे, अकोल्याच्या दालमिलांतून चुनी-टरफलाचे ढीग निघतात. ते बहुतेक ढोरांपुढेच जातात.

ताकामिने पुढे न्यूयॉर्कला स्थायिक झाले. वॉशिंग्टनला चेरीची झाडे भेट देण्याच्या कामी त्यांनी पुढाकार घेतला होता. १९१० साली आलेली पहिली झाडे किडकी निघाल्याने जाळावी लागली. १९१२ साली दुसरी आली, ती रुजली. अमेरिकेत तीसहून अधिक वर्षे काढूनही तिथल्या कायद्याप्रमाणे जपानी माणसाला नागरिक होता येत नसे. २२ जुलै १९२२ रोजी न्यूयॉर्कमध्ये ते वारले, ते जपानचे नागरिक म्हणूनच.